उष्णतेच्या ताणानंतर परजीवी आदिजीवांच्या पृष्ठभागावरील विकरांची क्रियाशीलता कशी मोजावी

लिशमॅनिया हा परजीवी सस्तन प्राण्याच्या शरीरात येण्यापूर्वी वाळूमाशीच्या आतड्यात वाढत असतो आणि तेथील तापमान जवळजवळ भोवतालच्या हवेइतकेच असते. दंशानंतर काही क्षणांतच तो ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या त्वचेत येऊन पडतो. यकृत-प्लीहेपर्यंत पोचणाऱ्या जातींना त्यापुढे ३७ अंशही सोसावे लागतात. रक्तशोषक कीटकाच्या विष्ठेतून येणाऱ्या ट्रिपॅनोसोमा क्रूझीलाही अशीच उडी घ्यावी लागते. जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास यांच्या जीवनचक्रात मात्र कीटक नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी उष्णतेचा ताण म्हणजे नेहमीच्या ३७ अंशांवरून ३९, ४० किंवा त्याहून वर गेलेले तापमान. या सर्वांमध्ये यजमानाशी पहिली गाठ पडते ती परजीवीच्या पृष्ठभागाची, आणि तेथे बसलेली विकरे बाहेरचे एटीपी (पेशीचा ऊर्जावाहक रेणू) तोडणे, फॉस्फेट सुटे करणे, प्रथिने कापणे अशी कामे करीत असतात.

ताण दिल्यावर ही क्रियाशीलता वाढते की घटते, याचा आकडा मिळवणे अवघड नाही. एका दिवसात तो हाती येतो. अवघड आहे ते त्या आकड्याचा अर्थ लावणे. वाढलेला आकडा तापमानामुळे रासायनिक अभिक्रिया वेगाने झाल्याचा असू शकतो, काही पेशी फुटून आतली विकरे बाहेर आल्याचा असू शकतो, बफरचा पीएच सरकल्याचा असू शकतो, आणि परजीवीने खरोखरच पृष्ठभागावर अधिक विकर आणून ठेवल्याचाही असू शकतो. पुढील मार्गदर्शन या शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या याबद्दल आहे, म्हणून प्रत्यक्ष मापनापेक्षा नियंत्रण (म्हणजे तुलनेसाठीच्या) संचांवर त्यात अधिक शब्द खर्ची पडले आहेत.

विकराची आणि जीवाची निवड

पृष्ठभागीय विकर म्हणजे ज्याचे क्रियास्थान पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूस आहे असे विकर. काही पटलात आरपार रुतलेली असतात, तर काही जीपीआय नावाच्या मेदयुक्त नांगराने बाहेरून अडकलेली असतात. लिशमॅनियाचे जीपी६३ हे जस्तयुक्त प्रथिनभंजक दुसऱ्या प्रकारचे असून एका प्रोमॅस्टिगोटवर (वाळूमाशीतील, कशाभिका असलेल्या अवस्थेवर) त्याचे सुमारे पाच लाख रेणू असतात. मापनाला सर्वांत सोयीची विकरे तीन: मॅग्नेशियमवर अवलंबून असलेले एक्टो-एटीपेज, आम्ल फॉस्फेटेजसारखी एक्टो-फॉस्फेटेजे, आणि न्यूक्लिओटिडेजे ('एक्टो' म्हणजे पेशीबाहेरच्या बाजूचे; ही विकरे अनुक्रमे एटीपी, फॉस्फेटची संयुगे आणि न्यूक्लिओटाइड तोडतात). लिशमॅनियामध्ये ३'-एएमपीपासून फॉस्फेट सुटे करणारे ३'-न्यूक्लिओटिडेज विशेष महत्त्वाचे आहे, कारण हा परजीवी प्युरिन (डीएनए-आरएनएचा घटक) स्वतः नव्याने बनवू शकत नाही आणि यजमानाकडून ते मिळवण्याची पहिली पायरी पृष्ठभागावरच पार पडते. एक्टो-एटीपेजचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. पेशीबाहेर सांडलेले एटीपी महाभक्षी पेशींना धोक्याची सूचना देते, तर त्यापासून पायरीपायरीने तयार होणारे अडेनोसिन प्रतिकारयंत्रणेला शांत करते. त्यामुळे उष्णतेबरोबर या विकराची क्रिया बदलत असेल तर संसर्गाच्या पहिल्या काही तासांत त्याचा परिणाम होऊ शकतो. ट्रिपॅनोसोमा क्रूझीच्या एपिमॅस्टिगोट या कीटकातील अवस्थेत ३७ अंशांच्या धक्क्यानंतर एक्टो-एटीपेजची क्रिया वाढल्याचे प्रसिद्ध झालेले आहे, म्हणून नवीन प्रयोगशाळेने सुरुवात तेथूनच करणे सोयीचे.

निवड करताना दोन सापळे टाळावेत. टॉक्सोप्लाझ्माचे न्यूक्लिओसाइड ट्रायफॉस्फेटेज प्रसिद्ध असले तरी ते घन कणिकांमध्ये साठवलेले असते आणि परजीवीभोवतीच्या पोकळीत सोडले जाते. ते पृष्ठभागीय विकर नव्हे. मलेरियाचा परजीवी तापाचे चढउतार नियमितपणे सोसत असला तरी बहुतेक काळ तो तांबड्या पेशीच्या आत असतो, आणि 'पृष्ठभाग' म्हणजे त्याचा की त्या पेशीचा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. सुरुवातीच्या कामासाठी लिशमॅनियाचे प्रोमॅस्टिगोट किंवा ट्रिपॅनोसोमा क्रूझीचे एपिमॅस्टिगोट हेच योग्य: ते यजमान पेशीविना मुक्तपणे पोहतात, सहज मोजता येतात आणि धुताना फारसे फुटत नाहीत.

दोन तापमाने वेगळी ठेवावीत

या प्रयोगात तापमान दोन ठिकाणी येते. परजीवीला ज्या तापमानाचा ताण दिला ते एक, आणि विकराची अभिक्रिया ज्या तापमानाला चालू दिली ते दुसरे. ही दोन्ही एकच मानणे ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य चूक आहे, कारण बहुतेक विकरांची गती दहा अंशांच्या वाढीने दोन ते तीन पट होते आणि त्यासाठी परजीवीने जिवंत असण्याचीही गरज नसते.

म्हणून किमान चार संच करावेत. एकाच संवर्धनाचे दोन भाग करून एक भाग नेहमीच्या तापमानाला ठेवावा आणि दुसऱ्याला ताण द्यावा. मग दोन्ही भागांतील पेशींची क्रियाशीलता दोन्ही तापमानांना मोजावी. समजा, ताण न दिलेल्या पेशींचे मापन २८ अंशांना १० एकके आणि ३७ अंशांना २१ एकके आले, आणि ताण दिलेल्या पेशींचेही तेवढेच आले, तर ताणाचा जैविक परिणाम शून्य आहे. मात्र ज्याने फक्त '२८ ला वाढवलेल्या पेशी २८ ला' आणि 'ताण दिलेल्या पेशी ३७ ला' एवढेच मोजले, त्याला क्रियाशीलता दुप्पट झाल्याचा भास होईल. याउलट ताण दिलेल्या पेशी २८ अंशांनाच मोजूनही २० किंवा २२ एकके देत असतील, तर पेशीत काहीतरी टिकाऊ बदल झाला आहे असे म्हणता येते. सर्व संच मोजण्याइतका वेळ किंवा पेशी नसतील, तर मापनाचे तापमान सर्व पेशींसाठी एकच ठेवावे आणि ते संवर्धनाच्या तापमानाइतके असावे.

काही विकरांबाबत हे आणखी गुंतागुंतीचे होते. ट्रिपॅनोसोमा क्रूझीचे ट्रान्स-सायलिडेज सायलिक आम्ल एका रेणूवरून दुसऱ्यावर नेऊ शकते किंवा ते पाण्याच्या साहाय्याने नुसतेच तोडू शकते, आणि यांपैकी हस्तांतराचे काम तोडण्याच्या कामापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला उत्तम चालते. अशा विकराचे मापन करताना कोणती अभिक्रिया मोजतो आहोत हे स्पष्ट नसेल, तर तापमानाचा परिणाम उलटसुलट दिसेल.

बफर हाही याच प्रश्नाचा भाग आहे. ट्रिस बफरचा पीएच तापमान एका अंशाने वाढल्यास सुमारे ०.०२८ ने घटतो. म्हणजे २५ अंशांना ७.४ वर आणलेले द्रावण ३७ अंशांना ७.१ च्या आसपास असते. आम्ल फॉस्फेटेजसारख्या पीएचला संवेदनशील विकराबाबत एवढा फरक निष्कर्ष बदलण्यास पुरेसा आहे. हेपिस बफरमध्ये हा उतार साधारण निम्मा असतो, म्हणून तो बरा. तरीही पीएच मापनाच्याच तापमानाला लावावा आणि दोन तापमानांसाठी दोन वेगळी द्रावणे बनवावीत.

संवर्धन तयार करणे आणि ताण देणे

लिशमॅनियाचे प्रोमॅस्टिगोट साधारण २६ अंशांना, उष्णतेने निष्क्रिय केलेले गर्भरक्तद्रव घातलेल्या एम१९९ किंवा श्नायडर माध्यमात वाढवावेत; ट्रिपॅनोसोमा क्रूझीसाठी एलआयटी माध्यम आणि २८ अंश तापमान वापरतात. ट्रायकोमोनास आणि जिआर्डिया ३७ अंशांना वाढतात आणि त्यांना प्राणवायू मानवत नाही, त्यामुळे नळ्या जवळजवळ काठोकाठ भरून घट्ट बंद कराव्या लागतात. संवर्धन वाढीच्या कोणत्या टप्प्यात आहे याची नोंद अनिवार्य आहे. झपाट्याने वाढणाऱ्या आणि स्थिर टप्प्यात पोचलेल्या प्रोमॅस्टिगोटांचे पृष्ठभाग सारखे नसतात; स्थिर टप्प्यातील गर्दीत संसर्गक्षम मेटासायक्लिक रूपेही असतात. एक प्रयोग तिसऱ्या दिवशीच्या आणि दुसरा सहाव्या दिवशीच्या संवर्धनावर केला, तर ताणाचा परिणाम आणि वयाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. फार वेळा पुनर्रोपण केलेले संवर्धनही टाळावे. गोठवलेल्या साठ्यातून ठरावीक काळाने नवीन सुरुवात करावी. माध्यमातील फॉस्फेट कमी झाले की काही परजीवी एक्टो-फॉस्फेटेज वाढवतात, हेही लक्षात असू द्यावे. जुन्या, थकलेल्या माध्यमात उष्णतेच्या नावावर जमा होणारी वाढ कधी कधी उपासमारीची असते.

ताण देण्यासाठी हवेचा इनक्युबेटर वापरू नये. हवेतून उष्णता सावकाश जाते, आणि दहा-पंधरा मिलिलिटर द्रव भरलेल्या फ्लास्कला ठरलेल्या तापमानाला पोचण्यास बराच वेळ लागतो. तोवर 'तीस मिनिटांचा धक्का' ही नोंद निरर्थक झालेली असते. पातळ भिंतीच्या नळीत एक-दोन मिलिलिटर संवर्धन घेऊन ती वॉटर बाथमध्ये पाण्याची पातळी द्रवाच्या वर राहील अशी बुडवावी. शेजारी तेवढेच माध्यम भरलेल्या, परजीवी नसलेल्या नळीत तापमापकाची तार सोडून आतले तापमान प्रत्यक्ष मोजावे आणि ते ठरलेल्या आकड्याला पोचल्यापासून वेळ धरावी. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पाण्याचा असतो, परजीवीचा नव्हे. नियंत्रण भागही तशाच नळीत, नेहमीच्या तापमानाच्या दुसऱ्या बाथमध्ये, तितकाच वेळ ठेवावा, म्हणजे हाताळणीचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडेल.

तापमान आणि कालावधी यांची निवड परजीवीच्या जीवनातून यावी. लिशमॅनियासाठी ३०, ३४, ३७ आणि ४० अंश, आणि प्रत्येकी अर्धा, एक, दोन व चार तास अशी जाळी पहिल्या फेरीत पुरेशी आहे. त्वचेपुरत्या मर्यादित राहणाऱ्या जाती ३७ अंशांना अंतर्गत अवयवांत जाणाऱ्या जातींपेक्षा अधिक त्रासतात, म्हणून दोन जातींची तुलना करताना एकच तापमान दोघींना सारखाच ताण देते असे गृहीत धरू नये. कालावधी लांबवतानाही सावध असावे. लिशमॅनिया डोनोव्हानीला ३७ अंश आणि सुमारे ५.५ पीएच या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की काही दिवसांत तो अमॅस्टिगोटसारखे (यजमान पेशीतील गोलसर, बाहेर कशाभिका न दिसणाऱ्या अवस्थेसारखे) रूप घेतो. म्हणजे दोन तासांचा धक्का आणि चार दिवसांचा मुक्काम हे एकाच प्रयोगाचे छोटे-मोठे रूप नसून दोन वेगळे प्रश्न आहेत: पहिला ताणाचा, दुसरा रूपांतराचा. पेशींचा आकार, कशाभिका दिसते की नाही आणि माध्यमाचा पीएच यांची नोंद ठेवली, तर आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहोत हे नंतर सांगता येते.

धुणे आणि मोजणे

ताणानंतर पेशी १,००० ते १,५०० जी वर दहा मिनिटे फिरवून तळाशी बसवाव्यात आणि फॉस्फेट नसलेल्या समपरासारी द्रावणात तीनदा धुवाव्यात. सवयीने पीबीएस (फॉस्फेटयुक्त मीठ-बफर) घेतला जातो, पण त्यातील फॉस्फेट पुढे मोजायच्या फॉस्फेटला बुडवून टाकते. शिवाय उरलेले अकार्बनी फॉस्फेट एक्टो-फॉस्फेटेजला स्पर्धेने रोखते. हेपिसयुक्त मीठ-ग्लुकोज द्रावण योग्य. धुण्यात कंजुषी करू नये, कारण रक्तद्रवात स्वतःची फॉस्फेटेजे आणि न्यूक्लिओटिडेजे असतात. सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर लावण्याची पद्धत येथे सोयीची नाही. २६ किंवा ३७ अंशांवरून अचानक थंडीत जाणे हा दुसरा ताणच आहे. खोलीच्या तापमानाला, पण दोन्ही भागांसाठी सारख्याच वेळेत, हे काम उरकावे.

एक्टो-एटीपेजसाठी वापरले जाणारे एक प्रचलित मिश्रण असे: सोडियम क्लोराइड ११६ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ५.४ मिलिमोलर, ग्लुकोज ५.५ मिलिमोलर, हेपिस-ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.२ वर, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर आणि एटीपी ५ मिलिमोलर. पेशींचे प्रमाण मिलिलिटरला सुमारे एक कोटी ठेवून अभिक्रिया तासभर चालवतात. पेशी घालण्यापूर्वी एटीपीविना मिश्रण पाच मिनिटे मापनाच्या तापमानाला स्थिरावू द्यावे, आणि अभिक्रियेची सुरुवात एटीपी घालून करावी. एक तास हा आकडा पवित्र नाही. आपल्या परजीवीसाठी वेळेनुसार आणि पेशींच्या संख्येनुसार फॉस्फेट सरळ रेषेत वाढते का, हे ताण दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही पेशींवर स्वतंत्रपणे तपासावे. ताणामुळे क्रियाशीलता खूप वाढली असेल आणि सबस्ट्रेटचा (विकर ज्यावर काम करते त्या पदार्थाचा, येथे एटीपीचा) दहा टक्क्यांहून अधिक भाग संपला असेल, तर रेषा वाकते आणि खरा फरक लहान दिसतो.

सुटे झालेले फॉस्फेट मोजण्यासाठी १९२५ मधील फिस्के-सुब्बाराव पद्धत आजही चालते. मॅलाकाइट ग्रीन पद्धत तिच्यापेक्षा बरीच अधिक संवेदनशील असून तिचा रंग ६३० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात. मॅलाकाइट ग्रीनचे अभिकारक तीव्र आम्लयुक्त असते आणि आम्लात एटीपी स्वतःहूनही हळूहळू तुटतो, म्हणून अभिकारक घातल्यापासून वाचनापर्यंतचा वेळ प्रत्येक नमुन्यासाठी सारखा ठेवावा. प्रत्येक संचाला दोन ब्लँक (वाचनातून वजा करायचे कोरे नमुने) हवेत: एकात पेशी नसतात, दुसऱ्यात पेशी असतात, पण एटीपी अभिक्रिया थांबवल्यानंतरच घातलेले असते. विकतच्या एटीपीत थोडे मुक्त फॉस्फेट असतेच, ते या ब्लँकमधून वजा होते. काचेची भांडी फॉस्फेटयुक्त साबणाने धुतलेली असतील तर कोणताच ब्लँक वाचवू शकत नाही. प्लास्टिकच्या नव्या नळ्या वापराव्यात.

एक्टो-फॉस्फेटेजचे मापन याहून सोपे आहे. पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेट हे रंगहीन सबस्ट्रेट तुटले की पॅरानायट्रोफेनॉल तयार होते, आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर अभिक्रिया थांबून पिवळा रंग उमटतो. ४०५ नॅनोमीटरला त्याचा मोलर शोषण गुणांक सुमारे १८,००० आहे. शेवटच्या १ मिलिलिटर द्रवात ब्लँक वजा जाता शोषकता ०.३६ आली, तर संहती २० मायक्रोमोलर, म्हणजे २० नॅनोमोल. अभिक्रियेत पन्नास लाख पेशी तासभर असतील तर क्रियाशीलता ताशी एक कोटी पेशींमागे ४० नॅनोमोल होते. वाचनापूर्वी पेशी खाली बसवून निवळ द्रवच घ्यावा, नाहीतर पेशींचा गढूळपणा पिवळ्या रंगात मिसळतो. जीपी६३ साठी अझोकेसिनसारखे प्रथिन सबस्ट्रेट आणि निरोधक म्हणून १,१०-फेनँथ्रोलीन वापरतात.

विकर खरोखर पृष्ठभागावरचे आहे का

उष्णता दिलेल्या पेशींच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा होतो, कारण उष्णतेने पटल सैल होते आणि शंभरातील पाच पेशी फुटल्या तरी आतला मोठा साठा बाहेर येतो. पेशीच्या आतील एटीपेज व फॉस्फेटेज क्रियाशीलता पृष्ठभागावरील क्रियेच्या कित्येक पट असू शकते. ट्रिपान ब्लूने रंगलेल्या पेशी मोजणे ही पहिली पायरी. प्रॉपिडियम आयोडाइड आणि फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासून मोजणारे यंत्र) असल्यास अधिक चांगले. पण पूर्ण मेलेली पेशीच रंग घेते. थोडीशी गळणारी घेईलच असे नाही. म्हणून ताणानंतरच्या पेशी परत २६ अंशांना ठेवून २४ आणि ४८ तासांनी वाढतात का, हेही पाहावे. जी पेशी रंग घेत नाही पण पुन्हा विभागतही नाही, तिच्या मापनावर ताणाला दिलेला प्रतिसाद म्हणून विसंबता येत नाही.

गळती तपासण्यासाठी पेशीद्रवातील एखाद्या विकराचा शोध बाहेरच्या द्रवात घ्यावा लागतो. येथे एक सावधगिरी. बाजारात सहज मिळणारे लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचे किट सस्तन पेशींसाठी बनवलेले असतात. ट्रिपॅनोसोमॅटिड गटात (ज्यात लिशमॅनिया व ट्रिपॅनोसोमा येतात) ते भरवशाचे नाहीत, कारण उदाहरणार्थ ट्रिपॅनोसोमा ब्रुसीमध्ये हे विकर नसतेच. अशा पेशी कितीही फुटल्या तरी किट 'गळती नाही' असेच सांगेल. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हा चांगला पर्याय आहे. त्याची बाहेर सापडलेली क्रियाशीलता ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० ने फोडलेल्या तेवढ्याच पेशींच्या एकूण क्रियाशीलतेशी ताडून टक्केवारी काढावी. हे मापन ताण दिलेल्या भागावर स्वतंत्रपणे करावे. नियंत्रण भागाची टक्केवारी त्याला लागू पडत नाही.

त्यानंतर निवळ द्रवाची परीक्षा. अभिक्रियेच्या मिश्रणात पेशी तासभर सबस्ट्रेटविना ठेवाव्यात, बाजूला काढाव्यात, आणि उरलेल्या द्रवाची क्रियाशीलता मोजावी. लिशमॅनिया डोनोव्हानी आम्ल फॉस्फेटेज बाहेर सोडतो, लिशमॅनिया मेक्सिकाना ते तंतूंच्या रूपात सोडतो, तर लिशमॅनिया मेजर सोडत नाही. तेव्हा 'पृष्ठभागीय' म्हणून मोजलेल्या आकड्यात स्रवलेल्या विकराचा वाटा किती, हे जातीनुसार बदलते. उष्णतेमुळे स्रवण बदलू शकते आणि जीपीआयने अडकलेली प्रथिने गळूनही पडू शकतात. म्हणून पेशींवरची घट आणि द्रवातली वाढ एकत्र दिसली, तर विकर नष्ट झालेले नसून फक्त जागा सोडून गेले आहे, असा अर्थ निघतो.

तिसरा पुरावा निरोधकांचा. ओवाबेन, ऑलिगोमायसिन, सोडियम अझाइड, बॅफिलोमायसिन ए१ आणि व्हॅनाडेट यांनी आतील किंवा इतर प्रकारची एटीपेजे थांबतात. त्यांच्या उपस्थितीतही टिकणारी आणि पटल ओलांडू न शकणाऱ्या डीआयडीएस किंवा सुरामिनने घटणारी क्रियाशीलता पृष्ठभागीय मानण्यास आधार मिळतो. व्हॅनाडेट फॉस्फेटेजांनाही रोखतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये. आम्ल फॉस्फेटेजचा वाटा वेगळा काढण्यासाठी फ्लोराइड, मोलिब्डेट आणि टार्ट्रेट घ्यावेत. लिशमॅनिया डोनोव्हानीच्या पृष्ठभागावरील एक आम्ल फॉस्फेटेज टार्ट्रेटला दाद देत नाही, ही त्याची ओळखच आहे. निरोधकांची ही मालिका ताण दिलेल्या पेशींवर पुन्हा चालवावी. नियंत्रण पेशीत ऑलिगोमायसिनचा परिणाम शून्य आणि ताण दिलेल्या पेशीत तो दिसू लागला, तर वाढलेल्या आकड्यात मायटोकाँड्रियाचे विकर मिसळले आहे, म्हणजेच पेशी गळत आहेत.

वाढ कशामुळे झाली

गळती, पीएच आणि मापनाचे तापमान हे सारे बाजूला सारूनही फरक उरला, तर एटीपीच्या सात-आठ वेगवेगळ्या संहतींना गती मोजून केएम (ज्या संहतीला गती कमाल गतीच्या निम्मी असते ती) आणि व्हीमॅक्स (कमाल गती) काढावेत. आकडे थेट वक्ररेषेत बसवावेत. व्यस्त आकड्यांच्या सरळ रेषेत कमी संहतीच्या चुका फुगून दिसतात. मॅग्नेशियम कमी पडू नये याकडे लक्ष ठेवावे, कारण खरे सबस्ट्रेट मॅग्नेशियम-एटीपी हे संयुग असते. व्हीमॅक्स वाढला आणि केएम तसाच राहिला, तर तेच विकर अधिक संख्येने पृष्ठभागावर आले आहे किंवा आधी निष्क्रिय असलेले रेणू कामाला लागले आहेत. केएमही बदलला, तर वेगळे विकर किंवा विकरात झालेला बदल यांचा विचार करावा लागतो.

नवीन प्रथिन बनले की जुनेच पुढे आले, हे सायक्लोहेक्झिमाइड सांगू शकते. ताणाच्या आधी दहा-पंधरा मिनिटे ते घालून प्रथिननिर्मिती थांबवल्यास वाढही थांबली, तर नवनिर्मिती आवश्यक होती. आरएनए-निर्मिती थांबवणाऱ्या अॅक्टिनोमायसिन डीच्या निकालाचा अर्थ मात्र जपून लावावा. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा यांनी फळमाशीत पाहिलेला उष्णतेचा प्रतिसाद जनुके चालू होण्याचा होता. ट्रिपॅनोसोमॅटिडांमध्ये जनुकांचे वाचन लांबच्या लांब पट्ट्यांत एकत्र होते आणि नियंत्रण मुख्यतः आरएनएच्या टिकाऊपणावर व त्याच्या भाषांतरावर चालते. त्यामुळे आरएनए-निर्मिती थांबवूनही वाढ दिसली, तर आधीपासून असलेल्या आरएनएचे भाषांतर वाढले असण्याची शक्यता आधी तपासावी. ही औषधे स्वतः विषारी असल्याने औषध दिलेले पण ताण न दिलेले संच हवेतच, आणि त्यांचीही गळती मोजावी.

प्रत्यक्ष रेणू मोजायचे असल्यास ४ अंशांना पटल न ओलांडणाऱ्या सल्फो-एनएचएस-बायोटिनने पृष्ठभागावरील प्रथिनांना खूण करून ती वेगळी काढता येतात. विशिष्ट प्रतिपिंड उपलब्ध असेल तर पेशी न फोडता फ्लो सायटोमीटरवर तेच काम लवकर होते. आणखी एक स्वस्त आणि दुर्लक्षित चाचणी आहे: ताण संपल्यावर पेशी नेहमीच्या तापमानाला परत नेऊन दर तासाला क्रियाशीलता मोजणे. पटल सैल झाल्यामुळे किंवा विकराची रचना तात्पुरती बदलल्यामुळे आलेली वाढ सहसा लवकर ओसरते. नव्याने बनलेल्या विकराची वाढ तासन्‌तास टिकते.

नोंदी आणि आकडेमोड

निकाल ताशी एक कोटी पेशींमागे नॅनोमोलमध्ये द्यावा, आणि शक्य असल्यास प्रति मिलिग्रॅम प्रथिनही द्यावा. ताणानंतर पेशी एकमेकींना चिकटून पुंजके होतात आणि न्यूबॉअर कक्षात (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याच्या काचपट्टीत) त्या कमी भरतात. अशा वेळी पेशीमागे आकडा कृत्रिमपणे वाढतो, पण प्रथिनामागे वाढत नाही. दोन्ही आकडे एकाच दिशेला गेले तरच त्यांवर भरवसा ठेवावा. मोजणी धुतल्यानंतर करावी, कारण धुताना ताण दिलेल्या पेशी अधिक हरवतात.

एका प्लेटमधील तीन कप्पे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. ते पिपेटच्या अचूकतेचे माप आहे. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेली किमान तीन संवर्धने, आणि प्रत्येकातून एकाच वेळी काढलेला ताणाचा व नियंत्रणाचा भाग, हे खरे नमुने. असे नमुने जोडीचे असल्यामुळे सांख्यिकी चाचणीही जोडीची असावी.

सुरक्षेबाबत: ट्रिपॅनोसोमा क्रूझीच्या जुन्या एपिमॅस्टिगोट संवर्धनात संसर्गक्षम मेटासायक्लिक रूपे आपोआप तयार होतात, म्हणून 'कीटकातील अवस्था' म्हणून त्याला निरुपद्रवी समजू नये. जैवसुरक्षा कपाट, हातमोजे, डोळ्यांचे संरक्षण आणि सुईचा वापर टाळणे हे किमान नियम. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळ्या कपाटातच उघडाव्यात, आणि वापरलेले द्रव निर्जंतुक करूनच टाकावेत.

अहवालात पुढील गोष्टी वाचकाला शोधाव्या लागू नयेत: जात आणि वाण, संवर्धनाचा दिवस व पेशींची घनता, ताणाचे तापमान नळीच्या आत मोजले की बाहेर, ते गाठायला लागलेला वेळ, ताण संपल्यापासून मापन सुरू होईपर्यंत गेलेली मिनिटे, मापनाचे तापमान आणि त्याच तापमानाला मोजलेला पीएच, ताण दिलेल्या पेशींची गळतीची टक्केवारी, आणि निवळ द्रवातील क्रियाशीलता वजा केली आहे की नाही.